मध्यम खर्चांत खेळाचा संगणक

घरांत एक संगणक असावा हें आतां कोणास पटवून द्यावें लागत नाहीं. बँकेचा व्यवहार, परीक्षेचे अर्ज, परदेशीं असलेल्या लेकीशीं बोलणें, इतकेंच काय पण सत्यनारायणाच्या पूजेचें आमंत्रणही त्याच यंत्रावर तयार होतें. परंतु घरांतील तरुण मंडळी जेव्हां "आम्हांस खेळाचा संगणक पाहिजे" असें म्हणतात, तेव्हां वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. त्या सर्वस्वीं अकारण आहेत असें आम्ही म्हणणार नाहीं. लाखाच्या घरांत जाणारा खर्च, तोही खेळासाठीं, आणि तोही एकत्र कुटुंबाच्या समाईक पैशांतून ! आजोबांची पेन्शन, दोघां भावांचे पगार, सुनेची शाळेंतील नोकरी, या सर्वांतून जी शिल्लक पडते ती अशा कामीं लावावयाची, तर तिचा रुपयान् रुपया कोठें जातो हें कळलेंच पाहिजे.

दुर्दैवानें तेंच कळत नाहीं. चिरंजीव यूट्यूबवर कांहीं नांवें पाठ करून येतात, दुकानदार आपल्याकडे पडून असलेला माल पुढें करतो, आणि वडील केवळ एकूण रकमेवर घासाघीस करतात. पांच हजार कमी करून घेतले म्हणजे सौदा जिंकला असें त्यांस वाटतें. दुकानदार मात्र ते पांच हजार, ज्या भागाकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं अशा भागांतून मुकाट्यानें काढून घेतो. तो भाग कोणता व त्याचा परिणाम काय होतो हें पुढें येईलच.

त्यापूर्वीं एका गैरसमजाचा निकाल लावणें बरें. वर्तमानपत्रांत ऑनलाइन खेळांच्या नादीं लागून कोणी कर्जबाजारी झाल्याच्या बातम्या येतात, आणि घरोघरच्या आजी त्या वाचून धास्तावतात. ते खेळ पैसे लावून खेळावयाचे. त्यांस मनाई करणारा कायदा संसदेनें २०२५ च्या ऑगस्टमध्यें केला. ज्या खेळांसाठीं भारी संगणक लागतो ते निराळे. त्यांत कथा असते, चित्रकला असते, संगीत असतें; एक मोठा खेळ रचण्यास शेंकडों कलावंत कित्येक वर्षें खपत असतात. आमच्या पुण्यांतच 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळीनें 'राजी' नांवाचा खेळ रचून २०२० सालीं जगापुढें मांडला. भावाच्या शोधास निघालेली एक मुलगी आणि तिच्या पाठीशीं दुर्गा व विष्णु, असें त्याचें कथानक आहे. असा खेळ एकदां मुलांच्या शेजारीं बसून पाहिला, तर वडील मंडळींचा अर्धा विरोध आपोआप मावळेल असा आमचा तर्क आहे. उरलेला अर्धा पैशाचा. त्याकडे आतां वळूं.

खेळाच्या संगणकास साध्या संगणकाहून अधिक काय करावें लागतें हें समजलें म्हणजे निवड पुष्कळच सोपी होते. सिनेमांत दर सेकंदास २४ चित्रें पडद्यावर येतात, पण तीं सर्व आधींच काढून ठेवलेलीं असतात. यंत्रानें तीं केवळ क्रमानें पुढें सरकवावयाचीं. खेळांत तसें नाहीं. खेळणारा उजवीकडे वळेल कीं डावीकडे हें त्या क्षणापर्यंत कोणासच ठाऊक नसतें. म्हणून त्याचा हात हलल्यानंतर प्रत्येक चित्र नव्यानें रंगवावें लागतें. नेहमींच्या मॉनिटरवर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एका चित्रांत २०,७३,६०० ठिपके झाले. सेकंदास अशीं ६० चित्रें काढावयाचीं, तर सुमारें साडेबारा कोटी ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो, आणि एका चित्रास मिळणारा वेळ सेकंदाच्या साठाव्या भागाहून अधिक नसतो. हें रंगकाम ग्राफिक कार्डाचें. शत्रु कोठें उभा आहे, भिंत कोसळली तर तिचे दगड कोणीकडे उडतील, हा हिशेब प्रोसेसरचा. दोघांपैकीं जो मागें पडेल त्याच्या चालीनें सारा खेळ चालतो. गाडीस एक खिलारी बैल व दुसरा थकलेला बैल जुंपला, तर खिलाऱ्याची किंमत फुकट जाते, तसेंच हें.

यावरून आमचें पहिलें सांगणें असें कीं, निवडीस सुरुवात मॉनिटरपासून करावी. बहुतेक लोक मॉनिटर शेवटीं, उरल्या पैशांत घेतात, आणि तेथेंच हिशेब उलटा होतो. कारण कार्डावर किती भार पडणार हें मॉनिटरच ठरवितो. २५६० बाय १४४० ठिपक्यांचा मॉनिटर घेतला तर एका चित्रांत ३६,८६,४०० ठिपके येतात, म्हणजे भार पावणेदोन पटींहून किंचित् अधिक. आणि ज्यास 'फोर-के' म्हणतात त्या ३८४० बाय २१६० च्या पडद्यावर तो बरोबर चौपट होतो. मध्यम किंमतीच्या कार्डास फोर-के पडदा जोडणें म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. 'दिवाणखान्यांतील मोठ्या टीव्हीलाच जोडूं, मॉनिटरचे पैसे वांचतील', ही युक्ति अनेक घरांत निघते. ती करून पाहण्यास हरकत नाहीं, पण मग खेळांतील चित्र १९२० बाय १०८० वर ठेवावें. आणि संध्याकाळीं आजींची मालिका व नातवाचा सामना एकाच पडद्यावर आले म्हणजे काय होतें, तें आम्हीं सांगावयास नको.

मॉनिटरची दुसरी संख्या हर्टझ्ची, म्हणजे तो सेकंदास किती वेळां चित्र बदलूं शकतो याची. ६० हर्टझ्च्या मॉनिटरवर कार्डानें १४० चित्रें काढलीं तरी डोळ्यांस ६० च दिसणार. हल्लीं १४४ हर्टझ् किंवा त्याहून अधिक क्षमतेचे, २४ इंची, १०८० ठिपक्यांचे मॉनिटर मध्यम किंमतींत मिळतात, आणि आमच्या मतें पहिल्या संगणकास तेच योग्य. आय्. पी. एस्. जातीचा पडदा घ्यावा. त्यावरील रंग बाजूनें पाहिलें तरी फिके पडत नाहींत, आणि एकत्र कुटुंबांत बाजूनें पाहणारेच अधिक असतात. घरांत आधींचा चांगला मॉनिटर असेल तर तो खुशाल वापरावा. पुढें सवडीनें बदलतां येतो.

आतां पेटीच्या आंतील मालाची वांटणी. रुपयाचे आणे १९५७ सालीं नाण्यांतून गेले, पण वांटणीचा हिशेब अजूनही सोळा आण्यांतच चांगला बसतो. मॉनिटर, कीबोर्ड व माऊस वगळून, समजा, एक लाख रुपये आहेत. त्यांतले सहा आणे ग्राफिक कार्डास द्यावे, अडीच आणे प्रोसेसरास, मदरबोर्ड व रॅम यांस प्रत्येकीं दोन, आणि एस्. एस्. डी., एस्. एम्. पी. एस्. व कॅबिनेट यांस एकेक. उरलेला अर्धा आणा पंखा, तारा व जाण्यायेण्याचा खर्च यांत जातो. ही वांटणी शास्त्रांतील वचन नव्हे. बाजारभाव रोज हलतो, त्याप्रमाणें पाव-अर्धा आणा इकडचा तिकडे करावा लागेल. पण जो दुकानदार प्रोसेसरास पांच आणे व कार्डास तीन आणे असा आराखडा पुढें ठेवील, त्याच्या दुकानांतून उठून यावें. तो संगणक हिशेबनिसास चांगला, खेळास नव्हे.

सहा आण्यांत कार्ड कोणतें घ्यावें ? या दर्जाचीं तीन कार्डें आम्हांस विचारांत घेण्याजोगीं वाटतात. इंटेलचें आर्क बी ५८० हें २०२४ च्या डिसेंबरमध्यें निघालें. त्याची जाहीर किंमत २४९ डॉलर व स्मृति १२ जी. बी. एन्व्हिडियाचें आर्. टी. एक्स्. ५०६० टीआय हें २०२५ च्या एप्रिलमध्यें आलें, आणि ए. एम्. डी. चें आर्. एक्स्. ९०६० एक्स्. टी. त्याच वर्षीं जूनमध्यें. या शेवटल्या दोन कार्डांविषयीं वाचकांनीं विशेष सावध राहावें. दोन्ही कार्डें एकाच नांवानें, पण दोन रूपांत विकलीं जातात : एकांत ८ जी. बी. स्मृति, दुसऱ्यांत १६. बाहेर पडतांना एन्व्हिडियाच्या दोन रूपांच्या किंमती ३७९ व ४२९ डॉलर, आणि ए. एम्. डी. च्या २९९ व ३४९ डॉलर, अशा होत्या. म्हणजे दोहींकडे फरक ५० डॉलरांचा. आमच्याकडे आयातीचा खर्च, १८ टक्के जी. एस्. टी. व व्यापाऱ्याचा नफा मिळून हे आंकडे बरेच वाढतात हें खरें, पण दोन रूपांतील तफावत ध्यानीं यावी म्हणून ते दिले.

ही स्मृति म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा समजावा. लागणारें सर्व सामान ओट्यावर मावलें तर स्वयंपाक झरझर होतो. मावलें नाहीं तर सुगरणीस प्रत्येक वाटीसाठीं कोठीच्या खोलींत धांवावें लागतें. तिचा हात कितीही चलाख असो, पानें वाढावयास उशीर होणारच. नव्या मोठ्या खेळांतील चित्रसामग्री, सर्व खुलावट चालू ठेवल्यास, १०८० ठिपक्यांच्या पडद्यावरही ८ जी. बी. च्या ओट्यावर कित्येकदां मावत नाहीं; आणि मग चालतां चालतां चित्र अडखळतें किंवा भिंतींचे पोत पुसट दिसूं लागतात. संगणक पांच-सहा वर्षें वापरावयाचा असल्यास १६ जी. बी. चेंच रूप घ्यावें, आणि बिलावर १६ हा आंकडा लिहून घ्यावा. दुकानदारानें केवळ कार्डाचें नांव लिहिलें तर तें पुरेसें समजूं नये.

जाहिरातींतील आंकड्यांविषयींही दोन शब्द. २०२५ च्या जानेवारींत एन्व्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनीं व्यासपीठावरून सांगितलें कीं, नवें ५४९ डॉलरांचें ५०७० कार्ड हें १,५९९ डॉलरांच्या ४०९० च्या तोडीचें काम करील. या विधानाच्या पोटीं एक गोष्ट होती : कार्डानें खरोखर काढलेल्या दोन चित्रांच्या मध्यें अंदाजानें आणखी चित्रें घालण्याची युक्ति त्यांत हिशेबीं धरली होती. अशानें चित्र गुळगुळीत दिसतें हें खरें, पण हात हलविल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कांहीं त्यामुळें कमी होत नाहीं. लहान चित्र काढून तें हुशारीनें मोठें करण्याची जी दुसरी युक्ति आहे (डी. एल्. एस्. एस्., एफ्. एस्. आर्. हीं तिचीं नांवें) ती मात्र मध्यम कार्डांस खरोखर उपकारक ठरली आहे. तेव्हां दोन कार्डांची तुलना पाहतांना मधलीं चित्रें वजा करून आंकडे पाहावे.

जुनें कार्ड स्वस्त मिळतें म्हणून घ्यावें काय ? ईथेरियम या चलनासाठीं हजारों कार्डें अहोरात्र जुंपलेलीं होतीं. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं त्या चलनाची रीत बदलली आणि तीं कार्डें बाजारांत लोटलीं गेलीं. त्यांतील कांहीं अजून हातोहात फिरत आहेत. ओळखीच्या घरचें, बिलासह व वॉरंटी शिल्लक असलेलें कार्ड मिळालें तर गोष्ट निराळी. अनोळखी माणसाकडून आम्ही तरी घेणार नाहीं.

प्रोसेसरविषयीं आमचें मत थोडक्यांत सांगतां येईल. सहा गाभ्यांचा, ६५ वॉटच्या वर्गांतील साधा प्रोसेसर या दर्जाच्या कार्डास पुरतो. ए. एम्. डी. चा रायझेन ५ ७६०० हा २०२३ च्या जानेवारींत निघालेला नमुना आमच्या पसंतीचा आहे. पेटींतच त्याचा पंखा येतो. आमच्या पसंतीचें दुसरें कारण असें कीं, त्याच्या पोटांत चित्र दाखविण्याची बेताची सोय आहे. ग्राफिक कार्ड कधीं दुरुस्तीस गेलें तर खेळ थांबेल, पण आजोबांचा पत्रव्यवहार व मुलीच्या महाविद्यालयाचें काम थांबणार नाहीं. नांवाच्या शेवटीं 'एफ' असलेल्या प्रोसेसरांत ही सोय नसते, म्हणून ते थोडे स्वस्त असतात. इंटेलचा आय्-५ १२४०० एफ हा तसाच एक, २०२२ सालचा पण अजून कामाचा. ज्या घरांत दुसरा संगणक आहे त्यांनीं तो खुशाल घ्यावा.

मदरबोर्डावर किंमतीचें मोठें ओझें टाकूं नये, पण त्याच्या बैठकीची जात पाहावी. ए. एम्. डी. ची आधींची ए. एम्. ४ ही बैठक २०१७ पासून रूढ झाली आणि २०२४ सालींही तिच्यावर बसणारे नवे प्रोसेसर निघाले. त्यामुळें ज्यांनीं सुरुवातीस साधा प्रोसेसर घेतला होता त्यांस पुढें सबंध संगणक न मोडतां चांगला बसवितां आला. आतांची ए. एम्. ५ ही बैठक २०२२ च्या सप्टेंबरमध्यें आली, आणि तिला २०२७ पर्यंत तरी पाठिंबा देण्याचें कंपनीनें सांगितलें आहे. चार-पांच वर्षांनीं धाकट्या भावंडासाठीं तोच संगणक वाढवावा लागणार असेल, तर हा विचार महत्त्वाचा आहे.

रॅमनें अलीकडे सर्वांचेच हिशेब बिघडविले आहेत. २०२५ च्या उत्तरार्धांत तिचे भाव एकाएकीं चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रशाळांस लागणारी स्मृति पुरवितांना कारखान्यांस किरकोळ गिऱ्हाइकाकडे पाहण्यास सवड उरली नाहीं. त्याच वर्षीं डिसेंबरमध्यें मायक्रॉन कंपनीनें 'क्रूशियल' या नांवाचा आपला किरकोळ व्यवसाय आवरता घेण्याचें जाहीर केलें. अशा वेळीं दोन आण्यांची रॅम तीन आण्यांवर गेली तर तो जादा आणा कोठून काढावा ? कॅबिनेटांतून अर्धा व मदरबोर्डांतून अर्धा काढावा. खेळासाठीं १६ जी. बी. ही किमान मर्यादा समजावी. ३२ असल्यास उत्तम. मात्र १६ ची एकच पट्टी न घेतां ८ च्या दोन घ्याव्या, कारण दोन पट्ट्या असल्या म्हणजे प्रोसेसरास दोन वाटांनीं माल मिळतो. दुकानदार 'पुढें वाढवायला जागा राहील' म्हणून एकच पट्टी गळीं मारतो, तिकडे लक्ष देऊं नये.

साठवणीसाठीं एक टी. बी. ची, एन्. व्ही. एम्. ई. जातीची एस्. एस्. डी. घ्यावी. मोठे खेळ एकेकटे शंभर जी. बी. च्या वर जागा खातात, म्हणून त्याहून लहान घेण्यांत अर्थ नाहीं. सेकंदास साडेतीन हजार एम्. बी. वाचणारी व सात हजार वाचणारी यांत खेळतांना फारसा फरक जाणवत नाहीं. स्वस्त पडेल ती घ्यावी.

आणि आतां तो भाग, ज्यांतून पांच हजार काढून घेतले जातात : एस्. एम्. पी. एस्., म्हणजे भिंतीतील वीज घेऊन आंतल्या प्रत्येक भागास तिचा नेमका वांटा देणारी पेटी. हिच्यामुळें खेळ एका चित्रानेंही वेगानें चालत नाहीं, म्हणून मुलांस तिची पर्वा नसते. ती बाहेरून दिसत नाहीं, म्हणून वडिलांस तिची माहिती नसते. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत आजीबाईंनीं आपल्या मुदतठेवीतून नातवास असा संगणक घेऊन दिला. कार्ड चांगलें होतें, प्रोसेसर चांगला होता, एस्. एम्. पी. एस्. मात्र दुकानदारानें 'कॅबिनेटबरोबर फुकट' म्हणून दिलेला. पहिल्या पावसांत वीज गेली, पुन्हां आली, आणि खोलींत जळका वास पसरला. त्या फुकट पेटीनें मरतांना मदरबोर्ड व कार्ड दोन्ही बरोबर नेले. दुकानदारानें व्होल्टेजकडे बोट दाखविलें व वॉरंटीचें नांव काढूं दिलें नाहीं. आजीबाई कांहीं बोलल्या नाहींत. नातवानें मात्र त्यानंतर पुष्कळ दिवस घरांत संगणकाचा विषय काढला नाहीं.

पेटीवर मोठ्या अक्षरांत छापलेला वॉटचा आंकडा हा पुरावा नव्हे. बाजूस एक लहान तक्ता चिकटविलेला असतो, तो वाचावा. त्यांत १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत तें पाहून त्यास १२ नें गुणावें. खऱ्या ५५० वॉटच्या पेटीवर तेथें ४५ च्या आसपास आंकडा असतो. वर ४५० वॉट छापून तक्त्यांत वीसच अँपिअर दिले असतील, तर ती पेटी कार्डास व प्रोसेसरास २४० वॉटच देऊं शकते. बाकीचा आंकडा शोभेचा. आम्ही वर सांगितलेल्या सामानास ५५० ते ६५० वॉटची, '८० प्लस ब्राँझ' अथवा त्याहून वरच्या दर्जाची, नांवाजलेल्या कंपनीची व किमान तीन, शक्य तर पांच वर्षें वॉरंटीची पेटी घ्यावी. ब्राँझ म्हणजे अर्ध्या भारावर शेंकडा सुमारें ८५ वीज कामीं येते, उरलेली उष्णतेंत जाते. तें प्रमाणपत्र काटकसरीचें आहे, सुरक्षिततेचें नव्हे. म्हणून नुसत्या बिल्ल्यावर न जातां वॉरंटीची वर्षें मोजावीं.

विजेचाच विषय निघाला आहे तर घरची बाजूही पाहूं. पुष्कळ जुन्या वाड्यांत तीन पायांच्या सॉकेटमधील तिसऱ्या भोकास अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. संगणकाच्या पत्र्यास हात लावतांच झिणझिण्या आल्या तर तें याचेंच लक्षण समजावें व प्रथम तारकामी बोलवावा, संगणक मग. वीज वरचेवर जात असेल तर यू. पी. एस्. ठेवावा, तो खेळ चालू ठेवण्यासाठीं नव्हे, तर पांच मिनिटांत संगणक नीट बंद करण्यासाठीं. वीजबिलाची भीति मात्र अनाठायीं आहे. भर खेळांत हा संगणक सुमारें ३०० वॉट ओढतो. म्हणजे सवातीन तास खेळलें कीं एक युनिट झालें, आणि मॉनिटरचें थोडें वर.

कॅबिनेट पुढून जाळीचें घ्यावें. पुढें कांच व आंत सात रंगांचे दिवे, अशीं जीं वरातीच्या घोड्यासारखीं सजविलेलीं कॅबिनेटें दुकानाच्या दर्शनी भागीं असतात, त्यांत हवा शिरावयास वाट नसते. आमच्या एप्रिल-मे महिन्यांत त्या कांचेमागें कार्डाचे काय हाल होतात हें कार्डच जाणे. जाळीमागें धूळ गाळणारी चाळणी असावी आणि मागील सर्व फटी झांकलेल्या असाव्या, नाहींतर उबेसाठीं पाली आंत घर करतात.

ज्यांस हा सर्व खटाटोप नको, आणि संगणकाचें दुसरें कांहीं काम नाहीं, त्यांनीं प्लेस्टेशनसारखा तयार खेळ-यंत्राचा मार्ग धरावा. तें टीव्हीस जोडतां येतें व किंमतींत पुष्कळ कमी पडतें. खेळ मात्र बहुधा महाग. संगणकावर चित्रफीत जुळवितां येते, आज्ञावली लिहितां येते, त्रिमिति आराखडे काढतां येतात. घरांत अभियांत्रिकी वा वास्तुकला शिकणारें कोणी असेल, तर हा खर्च निव्वळ खेळाच्या खातीं मांडणें अन्यायाचें होईल. लॅपटॉपची गोष्ट निराळी : त्यावर तेंच कार्डाचें नांव असलें तरी त्यास मिळणारी वीज कमी असल्यामुळें वेगही कमी असतो, आणि पुढें कार्ड बदलतां येत नाहीं.

खरेदीस मुंबईकरांनीं लॅमिंग्टन रोडवर जावें. कागदोपत्रीं तो आतां डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण दुकानदारांस जुनेंच नांव कळतें. ग्रँट रोड स्थानकावर उतरून पायीं जातां येतें. पुण्यांतील व इतर गांवच्या मंडळींनीं आपल्याकडील दोन दुकानें व दोन ऑनलाइन भाव ताडून पाहावे. 'संपूर्ण संच, रुपये अमुक' असें एकओळी बिल मुळींच घेऊं नये. प्रत्येक भागाचें नांव, क्रमांक व किंमत वेगळी लिहिलेलें जी. एस्. टी. चें बिल मागावें; वॉरंटी प्रत्येक भागाची त्याच्या त्याच्या कंपनीकडे असते. विंडोज ११ चा परवानाही हिशेबांत धरावा. विंडोज १० चा पाठिंबा मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला, तेव्हां घरांतली जुनी चकती शोधीत बसण्यांत हंशील नाहीं.

जोडणी घरींच मुलांच्या हातून करवावी असें आमचें आग्रहाचें मत आहे. मुलगा आणि मुलगी दोघांसही बसवावें. एक स्क्रू-ड्रायव्हर व एक रविवारची दुपार पुरते. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोण बैठकीवरील त्रिकोणाशीं जुळला पाहिजे. तो अलगद बसतो, दाबावा लागत नाहीं. रॅमच्या दोन पट्ट्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजतां दुसऱ्या व चौथ्या खांचेंत जातात. मॉनिटरची तार मदरबोर्डास न लावतां ग्राफिक कार्डास लावावी. महिना महिना उलट लावून 'कार्ड कांहीं कामाचें नाहीं' म्हणणारे गृहस्थ आहेत. शेवटीं दोन गोष्टी मुद्दाम कराव्या लागतात : बायोसमध्यें जाऊन रॅमचा पूर्ण वेग चालू करणें (एक्स्पो किंवा एक्स्. एम्. पी. असें तेथें लिहिलेलें असतें), आणि विंडोजमध्यें मॉनिटरचा वेग ६० वरून १४४ वर नेणें. या दोन्ही आपोआप होत नाहींत, आणि न केल्यास ज्यासाठीं पैसे मोजले तें पेटींतच पडून राहतें.

संगणक मधल्या खोलींत, येतांजातां सर्वांच्या दृष्टीस पडेल असा ठेवावा. कानांवर हेडफोन असला म्हणजे पूजेस वा अभ्यासास आवाजाचा उपद्रव होत नाहीं. जमिनीवर न ठेवतां वीतभर उंच पाटावर ठेवावा, म्हणजे केरसुणीची धूळ व पुसण्याचें पाणी दोन्ही टळतात. चाळणी महिन्यास एकदां झटकावी, आणि दिवाळीच्या साफसफाईंत वीज काढून, पंख्यांचीं पातीं बोटानें धरून, आंतली धूळ मऊ कुंचल्यानें काढावी. कार्डाचा व एस्. एम्. पी. एस्. चा खोका रद्दींत न घालतां बिलाच्या प्रतीसह माळ्यावर ठेवावा. वॉरंटींत माल परत पाठविण्याची वेळ आली तर त्याच खोक्यांतून पाठविणें सोपें पडतें.